झेडचा अँप्लिफायर आणि अण्णांचा पंखा

"हॅलो?… हां इंदू, बोल… अगं कुजबुजतेस काय अशी? कुठून बोलतेस?… न्हाणीघरातून?"

विजयश्रीनं मोबाईल कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून धरला. दोन्ही हात मिलिंग मशीनच्या पॅनलमध्ये कोपरापर्यंत गेलेले होते. गुरुवार, चाकणच्या त्या शेडमध्ये कामगारांना सुट्टी. अशा दिवशी नणंदेचा न्हाणीघरातून आलेला फोन काही भाजीची रेसिपी विचारायला नसतो, एवढं तिला कळत होतं.

"कोण आलंय?… गोडाऊनवाले? आज? अगं पण मशीन चालू करायला अण्णांनी मला रविवारपर्यंत मुदत दिलीय… हो, हो… अगं ऐक ना. इसार घेतला का त्यांनी?… टीपॉयवर आहे पाकीट? म्हणजे अण्णांनी हात नाही ना लावला अजून? जा, नीट बघून ये… नाही लावला? नक्की?"

पाकिटाला हात लागला की अण्णासाहेबांचा शब्द गेला. आणि तिच्या सासऱ्यांनी दिलेला शब्द मागं घेतल्याचं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. मग अण्णांच्या या शेडमध्ये गोडाऊनवाल्यांची खोकी भरणार, मशीन भंगारात जाणार, आणि पिंपरीतली चांगली नोकरी सोडून तिनं जिवापाड कष्टानं उभं केलेलं हे वर्कशॉप संपणार.

"तुझा दादा काय म्हणतोय?… काहीच नाही? नुसता बसलाय?… नाही गं, चिडले नाही. अण्णांपुढं जयदीपनं तोंड उघडलं तर मीच पेढे वाटीन… समाधानभाऊ, ती करडी केबल वरच्या कनेक्टरला, खालच्या नाही… अगं तुला नाही, समाधानला… हो, सकाळीच आलाय. तिन्ही जुने अँप्लिफायर काढले… अँप्लिफायर म्हणजे ते डबे गं, मोटरींना ताकद देणारे. कंट्रोल हुकूम सोडतो, हा डबा तो मोटरीकडून करून घेतो. दोनदा दुरुस्त करून आणले, दोनदा जळले. आता नवेच घातलेत. मोटरी त्याच, कंट्रोल तोच, मधले डबे तेवढे नवे… चालेल का म्हणजे? न चालून सांगतंय कुणाला!"

पलीकडून इंद्रायणीचं रडगाणं सुरूच होतं.

"बरं, आता तू एक कर. पोहे टाक… खाऊन झाले? मग परत चहा ठेव. साखर संपली म्हण, शेजारी जा, तासभर येऊच नको… अगं, खोटं बोलायला तुला मी शिकवू? कॉलेजात असताना क्लासच्या नावाखाली कुठं कुठं हिंडायचीस, तेव्हा बरं सुचायचं!… हसू नको, बाहेर ऐकू जाईल."

मशीन दुरुस्त करायला आलेला समाधान मराठवाड्याचा, कामाला पक्का आणि बोलायला महाग. त्यानं जुना डबा उघडून तिच्यासमोर तिरका केला. आतून काळा भुगा पडला, तेलानं ओशट झालेला. बिडाच्या कास्टिंगवर काम चालतं तेव्हा उडतो तोच. विजयश्री त्याच्याकडे बघतच राहिली.

"इंदू, थांब. फोन ठेवू नको. मला एक सांग, रोज सकाळी आमच्या पॅनलचं दार उघडून समोर टेबलफॅन कोण लावतं?… मला काय माहीत? मी पोरांना बडबडते रोज. बिचारी शपथा घेतात आणि मी त्यांना खोटारडे म्हणते… कोण?… अण्णा?… रानात जाताना? रोज?"

तसं पाहिलं तर या पट्ट्यातल्या निम्म्या शेडमध्ये हेच चालतं. पॅनलचा एसी बिघडला की दार उघडायचं आणि पंखा लावून मोकळं व्हायचं. पण आपल्याकडे हे काम खुद्द सासरे करत असतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काय म्हणायचे?… 'मशीनला उकडतंय'? असं म्हणायचे?… अगं देवा. इंदू, आता मी हसू का डोकं आपटू?"

तिला खरं तर राग आला होता. दोन वेळचे जळके डबे, कामगारांना दिलेल्या शिव्या, जयदीपचे टोमणे, सगळं त्या पंख्यापाशी येऊन थांबत होतं. आणि राग धरावा तर माणूस असा, की ज्यानं म्हशीला घालावा तसा मशीनला वारा घातला.

"समाधानभाऊ, हेडखाली लाकडी ठोकळा आहे ना? नीट बघा. ब्रेक सुटल्यावर खाली आलं तर टेबल जाईल… द्या मेन. इंदू, दोन मिनिटं गप्प बस… सर्व्हो ऑन करा… बंद! बंद करा!… नाही गं, काही जळलं नाही, घुमतंय नुसतं. झेड गुरगुरतोय… झेड म्हणजे वर-खाली जाणारा. तो गेन कमी करा, भाऊ, जास्तच तापट झालाय. अजून… अजून थोडा. हां. द्या परत."

कटर धरणारं ते जड हेड ठोकळ्यावरून उचललं गेलं आणि आवाज न करता वर गेलं. खाली आलं, पुन्हा वर गेलं. स्क्रीनवर अलार्म नव्हता.

"चाललं… इंदू, चाललं गं!… हो, खरंच. आता अण्णांना फोन दे… पाहुण्यांसमोरच दे. तुला कोण खातंय? मी बोलते ना… हां, अण्णा? नमस्कार. मशीनवरच आहे… चालू झालं. हे घ्या, ऐका… ऐकलंत? … हो, मागंही दोनदा चालू झालं होतं, मान्य आहे. पण दोनदा जळलं कशानं, ते आत्ता कळलं. तुमच्या पंख्यानं… हो अण्णा, तुमच्याच. रागवा, पण आधी ऐकून घ्या. दार उघडं राहिलं की बिडाचा भुगा वाऱ्याबरोबर आत जातो, तेलाला चिकटतो, आणि डबा शॉर्ट होतो. ओंजळभर निघालाय आत्ता… मुद्दाम केलंत असं कुठं म्हणतेय मी? माझ्याखालोखाल या मशीनची काळजी तुम्हीच केलीत. पण त्या काळजीनंच ते मेलं."

त्या घरात अण्णांशी असं कुणी बोलत नसे. पण शब्द मागं घ्यायचा विजयश्रीचाही विचार नव्हता.

"अण्णा?… आहात ना?… उकाड्याचं काय म्हणजे? पॅनलचा एसी दुरुस्त करून घेतलाय. दार बंद राहील आणि किल्ली माझ्याकडं… नाही, तुम्हालाही मिळणार नाही… पाहुण्यांना काय सांगायचं? सांगा, सून ऐकत नाही. हट्टी आहे म्हणा, तोंडाळ म्हणा, खुशाल माझ्यावर ढकला. तुमच्या शब्दाला बट्टा लागायला नको. पण अण्णा, पाकिटाला हात लावू नका. एवढंच मागते… अण्णा?"

पलीकडं फोन टीपॉयवर ठेवल्याचा आवाज आला. समाधाननं तोवर पहिलं कास्टिंग टेबलावर बांधून घेतलं.

"हां इंदू?… काय झालं? उठले? कोण, पाहुणे?… आणि पाकीट?… त्यांच्याच हातात परत दिलं? काय म्हणाले अण्णा?… 'शेड सुनंची हाय, तिलाच इचारा'? असं म्हणाले? सगळ्यांसमोर?… परत सांग… नाही गं, एकदा परत सांग ना."

विजयश्रीनं ओशट हातानंच डोळे पुसले. गालावर काळा पट्टा उमटला तो तिला दिसला नाही.

"रडतेय, मग? रडू नको का?… अण्णा इकडंच निघालेत? पाहुणेपण?… मला समजवायला? येऊ देत की… नाही गं, घाबरायचंय कशाला? बोलू देत काय बोलायचं ते. मशीन चालू असणार आहे, मला कुठं ऐकू येतंय… चल, ठेवते."