पाठवणी कुणाकडे?

मला एक सांगा, हल्ली लग्नात नेमकं कशासाठी रडतात? परवा वारज्याला आमच्या शेजारच्या मंदावहिनींच्या मुलीचं लग्न झालं. नवरी गॉगल लावून नाचत मांडवात आली, तिथेच माझा गोंधळ सुरू झाला. मग पाठवणी. मायलेकी गळ्यात पडल्या, तर व्हिडिओवाला म्हणतो, "काकू, जरा इकडे तोंड करून रडा." मुलीनं डोळे पुसले आणि हसत नवऱ्याशेजारी गाडीत बसली. गाडी गेली तरी वहिनींचं रडू थांबेना.

मी समजूत घातली, "अहो वहिनी, जावयांचा फ्लॅट खराडीला. पुण्यातच तर आहे!"

"तो सोडला त्यांनी."

"मग गाडी कुठे गेली?"

"आमच्याच घरी. दोघांचं ऑफिस घरून चालतं, म्हणून आता कायमची इथेच राहणार. जावयांच्या तीन मांजरी कालच येऊन बसल्यात."

मला काही कळेना. "अहो, मुलगी डोळ्यांसमोर राहणार! मग रडताय कशाला?"

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "म्हणूनच रडतेय ना!"