पाय लावून बसा

भावजय : आधी दाबा, मग वर उचला, मग ओढा. नुसतं ओढून नाही उघडत हा ड्रॉवर, वन्सं.

नणंद : एक कप काढायचा तर एवढी कसरत, वहिनी?

भावजय : आमचं घर चालतं ना. तुमचं एका जागी उभं असतं, तुम्हाला काय कळणार. पाइपलाइनचं काम पुढे सरकलं की तुमच्या दादाने जीपला हा राहता ट्रेलर जोडलाच. पहिल्या वळणाला ड्रॉवर जिभेसारखे बाहेर येतात. म्हणून प्रत्येकाला कडी. ताटांच्या मध्ये फडकी घालायची, नाहीतर रस्ताभर खणखणाट. डब्यांखाली रबराची जाळी, म्हणजे घसरत नाहीत. जड भांडी सगळ्यात खाली. आणि वरच्या कपाटांच्या मुठींतून ही काठी आरपार.

नणंद : आणि हे कुलूप?

भावजय : तो खाण्याचा ड्रॉवर आहे.

नणंद : डबे पडू नयेत म्हणून कडी पुरते की. कुलूप कशाला?

भावजय : आईंचा हात आत जाऊ नये म्हणून. दूध, साखर, बिस्किटं, सगळं त्यात.

नणंद : डॉक्टरांनी साखर बंद केलीय का तिची?

भावजय : नाही. मी केलीय.

नणंद : हळू बोला. आत झोपलीय ती, ऐकू जाईल.

भावजय : जाऊ दे. मी पाठीमागे बोलणारी नाही. त्यांना तोंडावर सांगून कुलूप लावलंय.

नणंद : असं केलं तरी काय तिने?

भावजय : मागच्या मुक्कामावर जायला निघालो त्या सकाळी मी सगळं बंद केलं, प्रत्येक कडीवरून हात फिरवला आणि खाली उतरले. नंतर आईंना चहाची तल्लफ आली. कप काढला, चहा प्यायल्या, कप धुऊन ठेवला, कडी तेवढी लावली नाही. विचारलं तेव्हा म्हणाल्या, लावली. पोचल्यावर दार उघडते तर माझ्या आईच्या काचेच्या भांड्यांचा चुरा. आई गेली तेव्हा भावांनी घर घेतलं, मी तेवढी भांडी मागून आणली होती. एक बशी राहिली नाही, वन्सं.

नणंद : वाईट झालं. पण तिची बोटं वळत नाहीत हल्ली.

भावजय : तेच म्हणते मी. बोटं वळत नाहीत तर हात लावू नये.

नणंद : आणि पायाचं काय झालं? दादा फोनवर म्हणाला, पायरीवरून घसरली.

भावजय : तसंच सांगायचं ठरलं होतं आमचं.

आई : (पडद्यामागून) घसरलेच ग मी. झालं ते झालं. आता उकरू नका.

भावजय : उकरू द्या की. लेक एवढ्या लांबून आलीय. ऐका, वन्सं. त्यानंतर इथे यायला निघालो, तेव्हा जड भांड्यांच्या ड्रॉवरची कडी तुटली. यांची घाई चाललेली. मी आईंना म्हटलं, तुम्ही आत बसा, ड्रॉवरला पाय लावून बसा. ज्याने उघडं ठेवलं त्याने धरावं.

नणंद : चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवतात का? पुढे जागा नव्हती?

भावजय : पुढे कुत्रा असतो. मागे ठेवला की ओकतो.

नणंद : दादा काही बोलला नाही?

भावजय : बोलला. म्हणाला, आई, घट्ट धर.

आई : त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं बिचाऱ्याचं. घाट होता ना. एक पाय अवघडला म्हणून मी दुसरा लावायला गेले, तेवढ्यात गाडीला हिसका बसला आणि ड्रॉवर कुकरसकट पायावर आला. हाका मारल्या, पण पुढे ऐकू जात नाही. मग तसाच रेटून धरला. एक भांडं बाहेर पडू दिलं नाही मी, विचार हवं तर.

भावजय : खरंय. एकही पडलं नव्हतं.

नणंद : दवाखान्यात कधी नेलंत?

भावजय : सूज उतरेना तेव्हा. कडी मात्र यांनी दुसऱ्याच दिवशी आणून बसवली.

नणंद : माणसं आहात की कोण आहात तुम्ही? आई, ऊठ. पिशवी भर. चल माझ्याबरोबर.

आई : भरलेलीच आहे ग. तू येणार म्हणून कळलं तेव्हाच भरली.

भावजय : बरं झालं. गोळ्या खिडकीत आहेत, कुबडी दारामागे. चला, मी गाडीपर्यंत धरून आणते त्यांना.

नणंद : थांबा. म्हणजे, आज लगेच असं नाही म्हणाले मी.

भावजय : मग कधी?

नणंद : घरी विचारायला हवं. सासरे अंथरुणाला खिळलेत, आतली खोली त्यांना लागते. मुलगी बैठकीत अभ्यास करते. आणि आमचा जिना केवढा उंच, ह्या पायाने ती चढणार कशी?

भावजय : पाय धड होता तेव्हा तुमच्याकडे रंगकाम चाललं होतं.

नणंद : टोचून बोलू नका.

भावजय : टोचत नाही, वन्सं. मी खाणं कुलपात ठेवते, मान्य. राग येतो मला त्यांचा, तेही मान्य. पण रोज अंघोळ मी घालते. तुम्ही कुलूप बघून चिडलात, मग दार तरी उघडा तुमचं.

आई : तिला बोलू नकोस, सूनबाई. तिचा नाइलाज असेल. बाई, मला इथंच बरं आहे. पिशवीचं काय, परत सोडते. त्यात असं काय आहे, दोन लुगडी.

नणंद : सुट्टी लागली की येते, आई. तेव्हा नक्की नेते.

आई : हो तर. निघ आता, उजेड आहे तोवर.

नणंद : हे बघ, बिस्किटांचे पुडे आणलेत तुझ्यासाठी. उशाखाली ठेव.

आई : उशाखाली नको ग. ती गादी झटकते. सापडलं की मग जेवायला उशिरा वाढते. तिच्याकडेच दे.

नणंद : वहिनी, हे कुठे ठेवू?