पासलीच्या फोनमधला वारा

सन्माननीय अध्यक्ष आनंदराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सगुणाबाई, म्हणजे माझी आत्या, आणि भोर-वेल्ह्याहून आलेल्या सर्व ताई-दादांनो,

कौतुकाचं बोलण्याआधी एक दुरुस्ती करू द्या. मघाशी अध्यक्षांनी सांगितलं की, पासलीची सोनिया ही पहिलटकरीण आमच्या फोनवरच्या सल्ल्यानं बाळाला फक्त अंगावरचं दूध पाजते. ही माहिती त्यांना मीच दिली होती. ती चुकीची असावी, असं मला आज वाटतं.

फोनवरून बाळंतिणींना अंगावर पाजण्याचा सल्ला द्यायचं हे काम आत्यानं मला स्वयंपाकघरात शिकवलं. भाकरी थापता थापता ती कुणा बाळंतिणीशी बोलायची, "घाबरू नकोस गं, जवळ घे, तोंड मोठं उघडू दे त्याला," आणि मी तिच्या कानाशी मोबाईल धरून ऐकायची. फोन ठेवला की मी तिला विचारायची, "ती खरं बोलत होती कशावरून?" "तू पोलिसातच जा," असं आत्या म्हणायची. बघा, आताही हसतेय.

तर सोनिया. घरात सासू कोंडाबाई, नणंद प्रांजल आणि शेळ्या. फोनवर उत्तरं नेहमी चोख. दुखतं का? न्हाई. लंगोट ओले होतात का? लई. पण मागं वारा घोंघावायचा, शेळ्यांच्या घंटा वाजायच्या. बाळाला अजून महिना झालेला नाही. ओली बाळंतीण माळावर वाऱ्यात काय करत असेल? आणि बाळ एकदाही कसं रडत नाही?

आज सकाळी इकडे निघताना मी म्हटलं, "सोनिया, बाळाला जवळ घे. मला त्याचा आवाज ऐकू दे."

"बाळ घरी हाय."

"आणि तू?"

तिनं आधी शेळ्यांना हाकारलं. मग, "म्या प्रांजल, ताई. घरात रेंज न्हाई. वयनी बाहेर पडती व्हय अशात? आई म्हनली, तूच जा वर आन् बोल."

"मग उत्तरं कुणाची?"

"आई सांगती त्येच बोलते."

"बाळाला शेळीचं दूध देता का गं?"

"आईला इचारून सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

कोंडाबाईंवर मी आरोप करत नाही. त्यांनी मायेनंच केलं असेल. पण एवढ्याशा जिवाला वरचं दूध सोसत नाही, आणि बाळ ओढेनासं झालं की आईचंही आटतं. आणि आम्ही सल्ला दिला तो आई सोडून सगळ्यांना! गावच्या आशा सेविकेला निरोप धाडलाय. तोही त्याच वाऱ्यात अडकला असेल. आता मला प्रत्येक "बरं हाय"चा संशय येतो.

आत्या मघाशी कानात म्हणाली, "कार्यक्रम होऊ दे, मग सांग." नाही जमलं गं. तुझ्या निरोपात खोटं कौतुक नको वाटलं. तू शिकवलंस, त्याचे आभार मानायला मला वेगळा दिवस लागेल.

अध्यक्षांनी मध्येच थांबवलं नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी भलतंच बोलले, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लेक समजून पोटात घाला. जेवायला मात्र थांबत नाही. वेल्ह्याला मुक्काम करून उद्या, सोमवारी, सकाळीच मी पासलीत सोनियाच्या घरी जाणार आहे.