चौदा-शून्य-चार

दिनांक २०/०६/२०२५, सकाळी ११.१५, नाशिक शहर

मी सुलाबाई धोंडीराम पगारे, वय ६३ वर्षे, निवृत्त अंगणवाडी मदतनीस, रा. द्वारकेजवळ, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मे महिन्यापर्यंत पतीसह राहत होते.

आमच्या कॉलनीतला समाधान उन्हवणे दरवर्षी बुद्धपौर्णिमेला लुंबिनीची बस नेतो. पाचशेच्या नोटा नेपाळात चालत नाहीत, पैसे खात्यात ठेवा, आपले कार्ड तिकडे चालते, असे त्याने बैठकीत सांगितले. म्हणून आम्ही सगळे खात्यात ठेवले व शंभराच्या थोड्या नोटा बरोबर घेतल्या.

दि. १०/०५/२०२५ रोजी सोनौली सीमेवर त्याने यादी करायची म्हणून सर्वांची आधार कार्डे व बँकेची कार्डे एका पिशवीत घेतली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लुंबिनीत परत दिली. पिशवीत बँकेचे कार्ड कशाला, हे मी विचारले नाही. समाधान माझ्या अंगणवाडीत शिकलेला आहे.

त्याच दुपारी उन्हाने माझ्या पतीला धाप लागली. जवळच्या भैरहवा गावातल्या दवाखान्याने आधी पैसे भरायला सांगितले. माझे कार्ड चालले नाही. बायांनी शंभराच्या नोटा गोळा केल्या, त्या पुरल्या नाहीत. समाधान म्हणाला, "काकू, बॉर्डरपलीकडं आपलं कार्ड असंच करतं. इंडियात गेलो की चालू होईल." म्हणून पतीला रिक्षात घालून परत निघालो. सीमेवर ट्रकची रांग होती. कमान ओलांडली तेव्हा ते गेलेले होते.

तिथे मोबाईलला रेंज आली आणि तीन मेसेज आले. आदल्या दिवशी संध्याकाळी, कार्ड पिशवीत असताना, भैरहवाच्या एटीएममधून तीन वेळा पैसे काढून खाते रिकामे केले होते.

पिन कोणाला सांगितला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, कोणालाच नाही. माझा पिन १४०४ होता, बाबासाहेबांच्या जयंतीचा. बसमधल्या आणखी चौघींचे पैसे गेले, त्यांचाही तोच. परका माणूस चुकत बसला असता. समाधानला पहिल्या खेपेला जमले. त्या चौघी समाजाची बदनामी नको म्हणून आलेल्या नाहीत. मला बदनामीची भीती वाटत नाही, राग येतो.

पतीच्या पुण्यानुमोदनाला माईक समाधानकडेच होता. पंचशील त्यानेच म्हणवून घेतले. चोरी न करण्याचे शील त्याने न अडखळता म्हटले आणि मी त्याच्यामागून म्हटले.

गुन्हा नेपाळात घडला असे मला सांगण्यात आले. परंतु समाधान नाशिकला राहतो, मला रोज दिसतो. इतका सोपा पिन ठेवणे ही माझी चूक, असेही सांगण्यात आले. "साहेब, चौदा एप्रिल सोपी नाही," असे मी म्हटले, ते जबाबात घ्यावे.

जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. शेवटचे वाक्य आधी घेतलेले नव्हते, ते घ्यायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/- सुलाबाई धोंडीराम पगारे