शेजारणीचं बोट

परळच्या पिठाच्या गिरणीवर रांग हलत नव्हती. अंबिका दळणाचा डबा या कडेवरून त्या कडेवर घेत होती. पुढे तिच्याच चाळीतली चंपा आणि बाजूच्या चाळीतल्या कमलाबाई बोलत होत्या.

"तुमची शांती शाळेत जाते म्हणे?" चंपाने विचारलं.

"जाते आता."

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळी चालली, तेव्हापासून माझा लवू उंबरा ओलांडत नाही. काल मारलं त्याला. मग मीच रडत बसले."

"मारू नको गो. मीपण मारून बघितलं. शाळेच्या फाटकाशी गेली की माझ्या पदराला मिठी."

"मग काय केलंत?"

"आम्ही चौघींनी पोरं बदलली. शांतीला कौसल्या नेते, तिच्या आनंदाला मी. आईचा पदर सोडत नाहीत, शेजारणीचं बोट धरून मुकाट जातात. शाळा सुटेपर्यंत आमच्यातली एक फाटकाशी बसते, वर्गातून दिसेल अशी."

"लोक हसत असतील."

"हसू देत. उद्या लवूला आण."

रांग सरकली. अंबिका तिथेच उभी.

चंपा मागे वळली. "पुढे ये ना. तुझ्या पोराचा ताप अजून उतरला नाही का?"

"ताप नव्हताच त्याला," अंबिका म्हणाली. "कमलाबाई, माझ्या पोराला बोट कोण देईल?"