इनास फादर लिहीत न्हाईत

लिहीत न्हाईत म्हटलं की, कितींदा इचारशीला? बिशपसायबांचा हुकूम आला तवापासनं इनास फादरनी पेनाला हात लावला न्हाय — ही अक्काताई सांगतीया न्हवं. तुम्ही सायबाच्या हापिसातलं फादर, जावा आन् तसंच सांगा. च्या घ्या. ते आजऱ्याला गेल्यात, आई आजारी हाय.

त्यांनी लिवलेलं ते पुस्तक मी वाचलोय. चौथी शिकलोय, पर सगळं वाचलोय. काय खोटं लिवलं त्यात? तुमच्या मसणवटीत खालच्या आळीच्या किरिस्तावांना येगळा कोपरा — हाय का न्हाय? ते छापलं म्हणून चर्चातनं भायेर काढलासा. माझ्या माडीवर भाड्यानं आलं तवा अख्खी मंगळवार पेठ म्हणाली, लिंगायताच्या घरात पाद्री कशाला? म्हटलं, माणूस हाय, खाईना का भाकरी. आन् आता हुकूम मोडला तर फादरकीच काढून घेणार म्हणं — जल्मभर झगा घातलेला माणूस, उतारवयात इचलकरंजीला मागावर जाणार व्हय?

म्हणून सांगतो, हुकूम पाळत्यात. पेपरवाल्यांस्नी मीच हाकलतो. दिसभर नुसतं खिडकीत बसून असत्यात. पूजा तेवढी करत्यात — व्हय, ऐतवारी, माझ्याच सैपाकघरात — कट्टा मी सकाळी घासून देतो, वर पांढरं कापड, त्या पावाच्या पातळ चकत्या, पेल्यात द्राक्षाची दारू — खालच्या आळीची येत्यात सगळी, पोरंबाळं घेऊन. तेवढ्यापुरता माणूस माणसात येतोय बघा —

का ओ? कप का ठेवलासा?

आता पूजेला कुठं बंदी असती व्हय? आमच्यात लिंग गळ्यातच असतंय — तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आमचा पुजारी, जंगम, रुसला म्हणून कोण थांबतंय? हुकूम इंग्रजीत. मी इचारलो, काय लिवलंय, तर इनास फादर म्हणालं, पुस्तकाची शिक्षा हाय. मला वाटलं, लिहायचंच बंद — मग पूजाच बंद केलीया व्हय? तेच लिवलंय?

न्हाय न्हाय. मी काय बोललो न्हाय. ते… ते पूजा नसती ओ, आमचंच आपलं कायतरी, बसवजयंतीचा परसाद — बसा की. फादर येऊ द्यात, त्यास्नी इचारा. बाईमाणसाच्या बडबडीवर जाता व्हय?

उठलासाच?

मग सांगा जावा. पर माझं नाव सांगा. अक्काताईनं बोलावलं, अक्काताईनं कट्टा दिला. काढा म्हणावं मला, कुठनं काढायचं त्यातनं.

बूट भायेर हाईत तुमचं.