दिनेशच्या पोटावरचे तांदूळ

दुपारचे चार, मिरजोळ्यात शुभदावहिनींचं शिवणाचं दुकान, साल २००३. मी बायकोचा ब्लाउज न्यायला गेलो, तर आत दिनेश खलाशी पोटावर पायलीभर तांदळाची पिशवी बांधून उभा! पँटवरून रुंद पट्ट्याची बायकी चड्डी चढवलेली, आणि वहिनी टाचण्या घेऊन समोर बसलेल्या.

"भाऊ, हसलात तर ब्लाउज मिळायचा नाही," वहिनींनी दम भरला.

भानगड अशी होती. दिनेशच्या बायकोला, संगीताला, सातवा महिना होता आणि कोळंबीच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने काम. वहिनी तिच्यासाठी पोटाला आधार देणारी चड्डी बेतत होत्या. तिला सुट्टी मिळेना, म्हणून वजन कुठे ओढतं ते बघायला नवरा आला होता.

"वहिनी, पाठीत धरतंय. पट्टा मागे रुंद करा."

"करते. मेल्या, हलू नको!"

थोड्या वेळाने तो स्टुलावर टेकला. "कंबर गेली हो माझी."

"ऊठ! तिला मिळतं काय बसायला?"

दिनेश उठला. चहा आला, तोही त्याने उभ्यानेच घेतला. मग पिशवीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "शिवण मऊ घ्या हां. टोचायला नको तिला."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन मॅनेजरला विचारलं, "सातव्या महिन्यातल्या बाईला साधं स्टूल का देत नाही?"

"बसा ना, साहेब," म्हणत त्याने माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

मी उभाच राहिलो.